बॉक्सवर एन१००, पोटात जे१९००

घरच्या नेटचा राउटर म्हणून इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा बिनपंख्याचा छोटा कॉम्प्युटर घेतला होता. रॅमची खाच जुळेना, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. ८ जीबीची डीडीआर४ आधीच आणून ठेवली होती, डब्याचे चार स्क्रू खोलले, काडी घालतो तं घुसेचना. उलटी करून पाह्यली, मोबाईलचा टॉर्च मारून पाह्यलं, अन् स्लॉट निघाला डीडीआर३एलचा, म्हणजे मागच्या पिढीच्या रॅमचा. अबे एन१०० ले डीडीआर३ कधीपासून लागाय लागली? जुन्या लॅपटॉपमधली काडी उपसून लावली, बायोस (कॉम्प्युटर सुरू होतानाची सेटिंग) उघडलं, समोर ठळक अक्षरात सेलेरॉन जे१९००. इंटेलचाच प्रोसेसर, पण २०१३ चा माल! स्टिकर मात्र एन१०० चं, तेही वाकडं चिटकवलेलं.

विकणाऱ्याले फोन लावला तं म्हणे, "भाऊ, दोन्ही इंटेलच हाय, दोन्हीत चार कोर हाय, तुमाले घरी वापराले काय फरक पडते?" चार म्हातारे बैल अन् चार खोंडं सारखेच का बे? जे१९०० मध्ये एईएस-एनआय, म्हणजे एईएस पद्धतीचं एन्क्रिप्शन झटपट करायची चिपमधली सोय, नाही; मंग ऑफिसच्या नेटवर्कले जोडणाऱ्या ओपनव्हीपीएनचं सगळं एन्क्रिप्शन त्या गरिबानं हातानं जात्यावर दळायचं. त्याच कामाचं दुसरं वायरगार्ड असतं तं निभलं असतं, त्याले एईएस लागतच नाही, पण आमचे ऑफिसवाले ओपनव्हीपीएनले गोचिडासारखे चिकटून. वरून टीडीपी, म्हणजे चिपच्या उष्णतेचा कंपनीनं दिलेला आकडा, एन१०० चा ६ वॅट, याचा १०. वापस घे म्हटलं तं विचारते, "सील तोडलं का?" न तोडता रॅम काय नाकातून घालू?

पंधरा दिवस, पंधरा दिवस रात्री जागून तुलना केली होती मी. इंटेलचाच जे४१२५ प्रोसेसर घ्यावा की एन१००, फॅनलेस टिकल का आमच्या ४६ डिग्रीत पत्र्याखाली. अन् सल्ले देणारे तं विचारूच नका. "६ वॅट म्हणजे ६ वॅटच खाते" म्हणणारा जो भैताड भेटतो ना, त्याले एकदा प्लगमध्ये मीटर लावून दाखवाचा आहे. काम वाढलं की वेग वाढवणारा टर्बो, रॅम, एसएसडी, चार लॅन पोर्ट, अडॅप्टर, हे काय हवा खाऊन जगतात? दुसरा शहाणा आमचा भाचा, "मामा, जुना डेस्कटॉपच लावा ना राउटर म्हणून." लावला. ६२ वॅट, दिवसरात्र, म्हणजे महिन्याचे ४४-४५ युनिट निव्वळ डेटाची पाकिटं इकडून तिकडं ढकलाले. लाईन गेली की इन्व्हर्टर रात्री दोनले टीं टीं करे. शेवटी एक दिवस पंखाच बंद पडला, खोलून पाह्यलं तं आत कापसाची अख्खी वात वळलेली. भाव वाढंल वाढंल म्हणून बाबांनी कापूस घरातच भरलेला, मंग दुसरं काय होईन. म्हणून तं फॅनलेस पाहिजे होता!

अन् ही नावं कोण ठेवते बाप्पा? सेलेरॉन-पेंटियम काढून टाकलं, आता नुसतं "प्रोसेसर एन१००". लहान आकडा नवा, मोठा आकडा जुना, दुकानदारानं फसवायची सोयच.

हे सगळं आईले सांगत होतो, तं ती भाकर थापता थापता म्हणे, "पण नेट तं येऊन रायलं ना?" येऊन रायलं. लाईनच ३० एमबीपीएसची आहे माही, तेही नालीवाल्या जेसीबीनं वायर तोडली नसली तं. एवढ्याले हा २०१३ चा म्हातारा झोपेत पुरतो. अन् वीज वाचवाच्या गोष्टी कोण करून रायलं, तं ज्याच्या वावरात ५ एचपीची मोटार ऑटोस्विचवर चालते तो. १० वॅटचा डबा दिवसभर जेवढी वीज खाते, तेवढी ती मोटार चार मिनिटात पिते. अन् मी चार वॅटसाठी पंधरा रात्री काळ्या केल्या.

तरी सोडत नाही मी त्या विकणाऱ्याले. फसवलं ते फसवलं. आज पुन्हा फोन केला, तावातावानं बोललो, तं मोठ्या मेहरबानीनं तयार झाला, म्हणे, पाठवा वापस, पण जसा दिला तसाच पाहिजे, सगळे स्क्रू सकट. तीन टेबलावर आहेत. चौथा कापसाच्या ढिगात गेला, सकाळपासून तोच शोधून रायलो.