‘एकही विमान उडत नाही’ या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रविवारी वाचला. दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत, की आमच्या सहलीच्या जाहिरातीत ‘जुन्या विमानांची भरारी’ असं होतं. प्रत्यक्षात बोगमाळोच्या नौदल विमानन संग्रहालयात सगळी विमानं जमिनीवर उभी. वर गाइडने एकाच विमानाखाली पाऊण तास उन्हात थांबवलं आणि धाकटा रडकुंडीला आला.

‘भरारी’ हा शब्द मी घातला होता. तो चुकीचाच होता, काढून टाकला आहे. दोन्ही मुलांचे पैसे आज परत केले. आणि तो पाऊण तास बोलणारा माणूसही मीच. लहान मूल सोबत असताना सावली बघायला हवी होती. माफ करा.

पण ‘नुसती उभी आहेत, मग बघायचं काय?’ हे वाक्य मनातून जात नाही. मी नौदलात विमानांचा तंत्रज्ञ होतो. 16 डिसेंबर 1983 ला नौदलाची पहिली सी हॅरियर लढाऊ विमानं इथे दाबोळीत उतरली. पुढे माझी बरीच वर्षं त्याच विमानांखाली गेली. 2016 मध्ये ती निवृत्त झाली. त्यांच्या इजेक्शन सीटमधल्या, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतल्या, काडतुसांनाही मुदत असते. मुदत संपली की बदलायची, नाहीतर उड्डाण बंद. नवी काडतुसं, सुटे भाग, ते इंजिन उघडता येणारे हात, यातलं एक जरी नसलं तरी वैमानिकाला त्यात बसवणं पाप आहे.

ज्याच्याखाली तुम्ही थांबलात ते सुपर कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं मोठं जुनं विमान. आधी एअर इंडिया, मग हवाई दल, 1976 पासून नौदल. एकेका इंजिनात 18 सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. चार इंजिनांचे मिळून 144. एका उड्डाणासाठी हे सगळं निर्धोक हवं. जगात ही विमानं उडती ठेवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आपल्याकडेही जुनं विमान उडतं: हवाई दलाचं डाकोटा, नाव ‘परशुराम’. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन ते 2018 मध्ये उडत भारतात आलं. परशुरामाच्या भूमीत राहणाऱ्या मला त्या नावाचं फार कौतुक आहे. पण त्यामागे केवढी माणसं आणि केवढा पैसा राबतो, तेही मला ठाऊक आहे.

उभं विमान राखणं तरी कुठे सोपं? समुद्राचा खारा वारा, वर आपला चार महिन्यांचा पाऊस. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचा खिळा असला की त्याच्या भोवती पांढरी भुकटी धरते, बोटाला लागते. पोटाखालची पाणी निघायची भोकं पाचोळ्याने बुजली की आतून कुजायला सुरुवात. मला ते विमान दाखवायचं होतं ते यासाठी.

सी हॉक या जुन्या लढाऊ जेटपाशी मात्र आपण घाईने पुढे गेलो, याची मला जास्त खंत आहे. त्याचा झोत शेपटीतून नाही, पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी निघतो. थोरल्याने ते बरोबर हेरलं होतं. 4 डिसेंबर 1971 ला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले कॉक्स बझार आणि चितगावचे तळ फोडले. त्या जातीचं विमान हातभर अंतरावर होतं.

आता सहल सकाळी लवकर निघते, बाहेरच्या विमानांपाशी वीस मिनिटांवर थांबत नाही, गाडीत पाणी आणि कोकम सरबत असतं. मुलांना उडतं विमान बघायचंच असेल तर नौदलाची मिग-29के लढाऊ विमानं कधीकधी बोगमाळोवरून जातात. वेळेची हमी देणार नाही, आणि धावपट्टीचे फोटो काढता येत नाहीत हे आधीच सांगतो.

पाऊस सरल्यावर परत यायचं ठरलं तर थोरल्याला सी हॉकपाशी मी स्वतः घेऊन जाईन. त्या फेरीचे पैसे घेणार नाही.

— सहलीचा मालक, वास्को