विमानाचा ‘वळसा’ आणि गजऱ्याचा दोरा

आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवसांत तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. म्हणणं असं: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे अमेरिकेला निघालेल्या विमानापुढे अमेरिका आपणहून चालत येते. तरी मुंबई–न्यूयॉर्कला पंधरा-सोळा तास लागतात, कारण भाडं वाढवायला कंपन्या उत्तरेकडून वळसा मारतात. १२,५०० किमी भागिले ताशी ९०० किमी करा, चौदाच तास येतात! आता नवी मुंबईहून विमानं सुटली की तासभर वाचेल. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आधी वळसा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. मी मुलीचा ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल काढला, गजऱ्याचा दोरा घेतला आणि एक टोक मुंबईवर दाबून दुसरं न्यूयॉर्कपर्यंत ताणलं. ताण दिला की दोरा पट्टीच्या रेघेवर राहतच नाही. घसरत वर सरकतो आणि मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलँडवरून जातो. भरला साडेएकोणतीस सेंमी. मग तोच दोरा पट्टीच्या रेघेवरून बोटांनी दाबत दाबत नेला, तर तेहेतीसच्या वर गेला. खऱ्या अंतरात सांगायचं तर सुमारे १२,५०० किमीच्या जागी १४,२००. वळसा आहे तो त्या ‘सरळ’ रेघेत. आणि जास्तीचं इंधन जाळून नफा कमावणारी कंपनी अजून माझ्या पाहण्यात नाही.

पृथ्वी फिरते, पण तिच्यासोबत हवाही फिरते. तसं नसतं तर ठाण्यावर हेलिकॉप्टर तासभर तरंगत ठेवलं की खाली ओमानचा किनारा आला असता. वाशी लोकलमध्ये उडवलेला शेंगदाणा मागच्या डब्यात पडतो का?

तरी इथे मेसेजवाल्याला अर्धा गुण देते. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण आडून आणि उलटा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीमचे वारे त्या फिरण्यामुळेच तसे वळतात. म्हणून लंडनहून मुंबईला येताना जाण्यापेक्षा साधारण तासभर कमी लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान वादळी वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी सहा-साडेसहा लागतात.

भागाकार बरोबर आहे, भाजक चुकला. ९०० हा शांत हवेतला वेग; समोरून वारा आला की जमिनीच्या हिशोबाने तो घटतो. शिवाय धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण. आणि हो, खरे वळसेही असतात. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून फिरून जावं लागलं. त्यात कंपन्यांचं नुकसानच झालं.

राहिलं नवी मुंबई विमानतळाचं. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुटतात. मुंबईच्या जुन्या, सहारच्या विमानतळापासून ते हवाई अंतराने पंचवीसएक किलोमीटर, म्हणजे विमानाला दोन मिनिटंही नाहीत. तासभर वाचेल तो आम्हा नेरुळकरांचा, वाशीचा पूल ते कुर्ला यादरम्यान, रिक्षा-टॅक्सीत बसून मोजलेला.