नास हळू चालतो, म्हणून कॅट-८ केबल?

नासवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, सगळ्यांच्या फाइल साठवणाऱ्या डिस्कच्या डब्यावर) फाइल टाकायला वेळ लागतो असं कुणी म्हटलं की उत्तरादाखल एक ठरलेला मेसेज येतो. त्यात चार उपाय असतात: इंटरनेटचा प्लॅन वाढवा, घरभर कॅट-८ केबल (नेटवर्कच्या वायरीची वरची श्रेणी) टाका, नासचे दोन्ही पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या खाचा, जोडून वेग दुप्पट करा आणि जंबो फ्रेम (डेटा नेहमीपेक्षा मोठ्या तुकड्यांत पाठवायची सेटिंग) चालू करा. एवढं केलं की म्हणे दहापट फरक.

प्लॅनचं आधी उरकू. लॅपटॉपवरून नासवर जाणारी फाइल घराबाहेर पडतच नाही. नेट गेलेलं असतं तेव्हा कॉपी करून बघा, वेग तोच मिळेल. काहींना प्लॅन वाढवल्यावर फरक दिसतो हे खरं, पण तो प्लॅनमुळे नाही. सोबत जुना राउटर बदलून मिळतो, आणि जुन्याचे पोर्ट बरेचदा १०० मेगाबिटचे असतात.

आता केबल. तांब्याच्या वायरीवरच्या गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) इथरनेटचं मानक १९९९चं आहे आणि ते साध्या कॅट-५ वायरवर १०० मीटरपर्यंत चालावं असंच बेतलेलं होतं. २.५ गिगाबिटचं मानक २०१६ साली आलं तेसुद्धा भिंतीत आधीच असलेली कॅट-५ई उपसावी लागू नये म्हणून. १० गिगाबिटला कॅट-६ साधारण ५५ मीटरपर्यंत पुरते. दोन-तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एवढी लांब वायर कुठे लागते? कॅट-८ डेटा सेंटरसाठी आहे: ३० मीटरच्या आत, २५ आणि ४० गिगाबिटसाठी. तिचा वेग घेईल असा पोर्ट घरगुती नासला नसतोच. शिवाय ती जाड आणि ताठ, पाइपातून ओढताना वायरमनचा घाम काढते.

पण वायरीत दोष असू शकतो, आणि तो असा महागडा नसतो. माझ्याकडे कॉपी सेकंदाला ११ एमबीवर (मेगाबाइटवर; एक बाइट म्हणजे आठ बिट) अडकली होती. हा आकडा दिसला की समजावं, कुठेतरी १०० मेगाबिटची जोडणी झाली आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. एखादी तार सुटली तर बहुतेक नेटवर्क कार्डं तक्रार न करता खालच्या वेगावर उतरतात. दिवा लुकलुकत राहतो, आपल्याला वाटतं सगळं ठीक. भिंतीवरची प्लेट उघडली तर वायरमनने चारच तारा जोडलेल्या, उरलेल्या चार मागे गुंडाळून ठेवलेल्या! आठही तारा नीट बसवल्यावर वेग ११० झाला. मेसेजमधली दहापट ती हीच, आणि केबल जुनीच. नवी घ्यायचीच झाली तर आतली तार खरंच तांब्याची आहे का ते बघा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअमही कॅट-६ म्हणून विकलं जातं.

दोन पोर्ट जोडण्याबद्दल अर्धंच सांगितलं जातं. एका लॅपटॉपवरून चाललेली एक कॉपी दोनपैकी एकाच वायरीने जाते. दोघं-तिघं एकाच वेळी नास वापरत असतील तर उपयोग आहे. एसएमबी मल्टिचॅनल (एकच कॉपी अनेक वायरींत वाटून पाठवणारी सोय) याला अपवाद, पण त्यासाठी दोन्ही टोकांना दोन-दोन पोर्ट हवेत.

जंबो फ्रेमने कागदावर पाचेक टक्के वाढतात. नेटवर्कवरचं एखादं यंत्र नेहमीच्या १५०० बाइटच्या तुकड्यावरच राहिलं की मात्र नास कधी दिसतो, कधी गायब होतो. मी बंद करून टाकलं.

मेसेजमध्ये हार्ड डिस्कचा उल्लेखच नसतो, याचं मला जास्त नवल वाटतं. गिगाबिटवर मोठी फाइल ११०च्या आसपास जात असेल तर वायर पूर्ण भरलेली आहे, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पुढची पायरी २.५ गिगाबिटची: नेटवर्क स्विच (वायरी एकत्र जोडणारा डबा), लॅपटॉपसाठी यूएसबी ३चा अडॅप्टर आणि तसा पोर्ट असलेला नास. मग वायर सेकंदाला २८० एमबीपर्यंत नेते, पण मिनिटाला ७२०० फेऱ्यांची एकटी हार्ड डिस्क मोठ्या फाइलला साधारण १५० ते २५० देते. म्हणजे तिथे डिस्कच अडते. एसएसडी (न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क) किंवा चार-सहा डिस्कचा संच नसेल तर १० गिगाबिटचे पैसे वाचवा.

आणि लग्नाचे वीस हजार फोटो टाकत असाल तर यातलं काहीच कामाचं नाही. प्रत्येक फाइल उघडणं, नोंदवणं, बंद करणं यातच वेळ जातो आणि वेग कुठल्याही वायरीवर कोसळतो. तेच फोटो एका झिपमध्ये भरून पाठवले की जुन्या गिगाबिटवरही शंभरी गाठतात.