‘पाना हातात धरलेला दिसत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या इंजिनातलं कॉम्प्रेशन कमी झालं तर दोष कसा शोधायचा, या लेखावर ‘जुना फिटर’ अशी सही करून एका वाचकाने लिहिलंय. नवख्यांसाठी आधी एवढं: कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, गेजवर पौंडांत मोजतात; टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) ढकलणारा भाग; तेलाची परीक्षा म्हणजे सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून पुन्हा मोजणं; लीक-डाऊन म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते ऐकणं. आता प्रतिक्रिया, काटछाट न करता देतो:

‘तीन सिलिंडर १६० आणि एक ९५ दाखवत असेल तर आधी टॅपेट बघतात, मग तेल ओततात. तेलाची परीक्षा सगळ्याच इंजिनांत खरी ठरत नाही. लीक-डाऊन एका ओळीत उरकलंय. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितलेलंच नाही. लेखकाने स्वतः कधी पाना हातात धरलेला दिसत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.’

आपण वेळ काढून वाचलंत, त्याबद्दल आभार.

अ‍ॅक्सिलरेटरचं मान्य. ते राहून गेलं होतं. सेल्फ मारताना थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) बंद असेल तर आत हवाच पुरेशी येत नाही, आणि धडधाकट इंजिनाचेही सगळे सिलिंडर सारखेच कमी दाखवतात. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, एवढं यावरून कळावं.

आता पाना. माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेवर एक पांढरट चट्टा आहे. कॉम्प्रेशन गरम इंजिनावर मोजायचं, म्हणून घाईघाईने प्लग काढताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बोट चिकटलं होतं. उंटावर बसलेल्या माणसाला मॅनिफोल्ड लागत नाही. एकदा तर चारही सिलिंडर तीस-तीस पौंडांनी कमी दाखवायला लागले आणि मी दोन दिवस टायमिंग बेल्टवर संशय घेत बसलो. बेल्ट ठीक होता. गेजच्या नळीच्या टोकाला जो बारीक व्हॉल्व्ह असतो तो खराब झाला म्हणून कुणीतरी तिथे टायरचा बसवला होता. त्याची स्प्रिंग कडक, म्हणून गेजपर्यंत पूर्ण दाब पोचतच नव्हता. हे पुस्तकात वाचून कळत नाही हो. दोन दिवस वाया गेले की कळतं.

माझी पहिली गाडी सतरा वर्षांची होती. निवांत असताना थरथरायची, चढावर जीव सोडायची. गेज लावला. तीन सिलिंडर पहिल्या झटक्याला नव्वदच्या आसपास जाऊन चार-पाच झटक्यांत १६० ला टेकले. तिसऱ्याचा काटा पहिल्या झटक्याला चाळिसावर, मग साठ, आणि पुढे कितीही सेल्फ मारा, हलेना. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजलेल्या असतात तेव्हा काटा सुरुवातीला खाली असला तरी हळूहळू चढत राहतो. इथे तो साठावर अडून बसला होता. प्लगच्या भोकातून लहान चमचाभर तेल सोडलं, पुन्हा मोजलं: पासष्ट. रिंगा गेल्या असत्या तर तेलाने फट भरून काटा चांगला वर गेला असता. एका गॅरेजवाल्याने त्याआधीच बोअर, पिस्टन, रिंगा, सगळं इंजिन काम सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, व्हॉल्व्ह. हेड (सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण) मीच उतरवलं, एक्झॉस्टची बाजू वर येईल असं आडवं ठेवून एक्झॉस्टच्या पोर्टात रॉकेल ओतलं आणि हातातला डबा खाली ठेवायच्या आत ते व्हॉल्व्हच्या कडेने पाझरायला लागलं. व्हॉल्व्ह बाहेर काढला तर कडेला बिस्किटाचा चावा घ्यावा तसा तुकडा जळून गेलेला. नवीन व्हॉल्व्ह, पेस्ट लावून सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर) एकसारखा करडा पट्टा उमटेपर्यंत घासणं, हे सगळं या हातांनी केलंय. तिसरा सिलिंडर १५५.

त्या व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये फिलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) सगळ्यांत पातळ पट्टीसुद्धा जात नव्हती, हेही सांगतो, म्हणजे लपवलं असं व्हायला नको. फट उरली नाही की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. टेकला नाही तर त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. पण तोवर तो जळलेलाच होता ना! मग टॅपेट आधी बघून मी काय मिळवणार होतो? शिवाय हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनांत तशी फट सेट करायचीच नसते, हे ‘जुन्या फिटर’ला ठाऊक असेलच.

तेलाचं म्हणाल तर आडव्या सिलिंडरच्या इंजिनात तेल खालच्या बाजूला साचतं, वरची फट तशीच राहते. जास्त ओतलं तर जागा व्यापल्यामुळेच काटा फुगतो. हे मी नाकारलंय कुठे? आणि लीक-डाऊनला कॉम्प्रेसर लागतो. पिस्टन अगदी वर आणून हवा भरायची आणि ऐकायचं: सायलेन्सरमधून सूं आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आलं तर इनलेट, ऑइलचं झाकण काढल्यावर आलं तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. चांगलीच आहे पद्धत. पण किती जणांकडे कॉम्प्रेसर असतो? चमचा सगळ्यांकडे असतो. लेखात एक ओळ होती, ती पुरेशी होती.

राग आलेला नाही. तुमचं फिटर असणं मी तरी मान्य करून टाकलंय, पुरावा न मागता. तेवढं सौजन्य इकडेही दाखवता आलं असतं.

आणि हो, लेखात आता तेलाच्या परीक्षेच्या आधी ‘शक्य असेल तिथे टॅपेटची फट तपासा’ अशी ओळ दिसेल. ती मी तशीही घालणारच होतो.