भावना नीट दुखावून घ्या

सणासुदीचे दिवस आले की अनेकांची पंचाईत होते. शेजाऱ्यांच्या भावना दुखावल्या, समोरच्या विंगमधल्या दोघांच्या दुखावल्या, आपल्या मात्र अजून ठणठणीत! चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? अशा गरजू बंधू-भगिनींसाठी हे थोडं मार्गदर्शन. फी नाही. देवाधर्माचं काम आहे.

सगळ्यात आधी, ज्या गोष्टीमुळे दुखावून घ्यायचंय ती अजिबात बघायची नाही. नाटक असेल तर प्रयोगाला जायचं नाही, पुस्तक असेल तर उघडायचं नाही. बघितलं की घोटाळा होतो. मध्येच हसू फुटतं, क्वचित आवडतंसुद्धा, आणि मग तक्रारीत जीव राहत नाही. फॉरवर्ड झालेली क्लिप पुरे, तीही आवाज बंद करून.

यात सरकारचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीच्या आयातीवर १९८८ साली बंदी आली आणि आपण ती इमानेइतबारे पाळली. पुढे कुणी तरी दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा बंदीचा मूळ कागदच कुठल्याही खात्याला सापडेना. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं की असा आदेश नाहीच असं धरून चालू. पुस्तक न वाचता खवळता येतं हे आपल्याला ठाऊकच होतं. आदेश न वाचता छत्तीस वर्षं बंदी पाळता येते, ही प्रगती म्हणायची.

भावना कधीही एकट्याच्या दुखवू नयेत. ‘माझ्या भावना’ म्हणालात तर लोक पाणी प्यायला सांगतील. ‘समस्त समाजाच्या’ असं लिहावं. समस्त समाजाला विचारायची गरज नाही, तो त्या वेळी लोकलमध्ये लोंबकळत असतो.

निषेधाचा फलक एकदाच छापून घ्या. विषयाची जागा मोकळी सोडा, दरवर्षी कामाला येतो.

आता थोडा कायदा. थोडाच, कारण जास्त वाचला तर तो तुमच्या विरोधात जातो. धार्मिक भावना दुखावण्यासाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९५-अ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९९. तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. कलमात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ अशी अट आहे. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, पण त्याच वेळी नकळत किंवा निष्काळजीपणाने झालेला अपमान यात बसत नाही, असंही सांगितलं. हे तुम्ही वाचलेलं नाही. ठाण्यातल्या साहेबांनी वाचलं असेल, तर ते त्या दिवशी बंदोबस्तावर असतात.

खरी गंमत पुढे आहे. या कलमाखाली कोर्टात खटला चालवायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. अटक करायला लागत नाही. कळलं ना? खटला जिंकायचा नसतोच. समोरच्याला दोन रात्री आत बसवायचं, वकील शोधत त्याच्या घरच्यांना पळवायचं, त्याच्या ऑफिसात बातमी पोचवायची. पुढे काही वर्षांनी निर्दोष सुटेना का! त्याच्या सुटकेची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते.

आणि हे कलम आलं कुठून ते कुणाला सांगत बसू नका. लाहोरात १९२४ साली पैगंबरांवर एक पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांना उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सोडलं, कारण अशा लिखाणाला लागू पडेल असा कायदाच नव्हता. लोक पेटले, म्हणून इंग्रज सरकारने त्याच वर्षी कायदा करून दिला. एकदाचे शांत होतील अशी आशा. १९२९ मध्ये राजपाल यांना त्यांच्या दुकानात भोसकून मारलं. आरडाओरडा करणाऱ्याच्या हातावर काही तरी ठेवलं की तो घरी जातो, हा इंग्रजांचा समज आपण अजून देव्हाऱ्यात ठेवून पूजतोय.

कुणाच्या भावना जास्त नाजूक, यावर मात्र भांडू नका. या एका बाबतीत आपल्याकडे खरोखरचा सर्वधर्मसमभाव आहे. २०१२ मध्ये मुंबईत, इर्ल्याच्या चर्चमधल्या क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडमरुकू यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं की जवळचं सांडपाणी तुंबलंय, तेच भिंतीतून वर चढतंय. लगेच २९५-अ. गृहस्थ फिनलंडला जाऊन राहिले. २०१५ च्या जानेवारीत एका उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी पॅरिसच्या हत्याकांडाच्या बातमीसोबत ‘शार्ली एब्दो’ या फ्रेंच साप्ताहिकाचं मुखपृष्ठ छापलं. चूक झाली म्हणून पहिल्या पानावर माफीही मागितली. तरी गुन्ह्यांवर गुन्हे, मुंब्रा पोलिसांकडून अटक, आणि आवृत्तीला टाळं. म्हणून सांगतो, माफी मागायला जरूर लावा, पण स्वीकारण्याची घाई करू नका. मागून झालेली माफी हा गुन्ह्याचा पुरावा म्हणून जोडता येतो.

आपले चित्रकार एम. एफ. हुसेन तर पंढरपूरचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांच्यावरचे खटले रद्द केले. त्याने काय होतं? तोवर ते देश सोडून गेलेच होते, आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. पंढरीच्या माणसाला परत येता आलं नाही.

नाटकवाल्यांकडे विशेष लक्ष असू द्या. २ फेब्रुवारी २०२४ ला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचं एक नाटक चाललं होतं. रामलीलेत कामं करणारे नट पडद्यामागे कसे वागतात, असा विषय. अभाविपच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडलं. सीतेचं सोंग घेतलेला नट सिगारेट ओढतो, हा आक्षेप. अटक कुणाला? विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. अहो, कोकणात दशावतार बघायला आलेलं शेंबडं पोरसुद्धा पडद्यामागे डोकावून येतं. लुगडं नेसलेली राणी तिथे पेटीवर बसून विडी ओढत असते, आणि तेच पोर पुन्हा येऊन त्याच राणीसाठी डोळे पुसतं. राणी वेगळी, तिचं सोंग घेणारा दशरथ सुतार वेगळा, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते पदवीधरांना.

आता आमच्या सोसायटीकडे वळतो. वळायचं नव्हतं, पण राहवत नाही.

परवाच्या नवरात्रात आमच्याकडच्या बायकांनी भारूड बसवलं. एकनाथांचं. भवानीआईला रोडगा वाहीन म्हणणारी सून, तेच. मी निवेदन लिहून दिलं होतं. सासरा गावाला गेलाय तर तिकडेच खपू दे, सासूचा निकाल लाव, कटकट्या जावेचं बघ, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे, शेवटी दादलाही जाऊ दे आणि मला एकटीला राहू दे. चारशे वर्षांहून जास्त काळ हा महाराष्ट्र ते ऐकून पोट धरून हसतोय, आणि हसता हसता कळतंय त्याला कळतंय की ही मोकळीक निराळीच आहे. आमच्या मंडपातही लोक हसले. सूनबाई झालेल्या काकू साठीच्या आहेत, मंगळवारचा उपास करतात. त्यांच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज. देवीच्या मंडपात देवीची विटंबना! हिंदू सणात नवऱ्याला मारायची भाषा! लेखकावर कारवाई झालीच पाहिजे. मेसेज टाकणारे सद्गृहस्थ त्या रात्री सोसायटीत नव्हतेच. त्यांना वीसेक सेकंदांची क्लिप आली होती, नेमकी खरजेची. मी लिहिलं, साहेब, लेखक संत एकनाथ आहेत, पैठणला समाधी आहे. त्यावर उत्तर आलं, ‘संतांच्या नावामागे लपू नका.’ त्याला एकोणीस अंगठे! एकोणीस! त्यातले निम्मे अंगठे आदल्या रात्री टाळ्या वाजवत होते.

मग चेअरमनसाहेबांनी, मला किंवा त्या काकूंना न विचारता, आमच्या वतीने दिलगिरी व्यक्त करून टाकली. कुणाची दिलगिरी? कुणाकडे? नाथांची देवीकडे? रात्री कुणी तरी फोन करून सांगितलं की उद्या आरतीला मंडप उभा दिसणार नाही. सकाळी ठाण्यातून बोलावणं आलं. मंडप पाडीन म्हणणाऱ्याला नाही हो, मला आणि त्या काकूंना. हवालदार भला माणूस. म्हणाला, ‘काका, मला ते अख्खं पाठ आहे. माझे आजोबा सोंग घ्यायचे. पण अर्ज आलाय म्हटल्यावर नोटीस द्यावी लागते.’ काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढली. पर्समध्ये कुंकवाची पुडी होती, देवीला वाहायला निघाल्या होत्या. शांतता भंग करू नये अशी समज देऊन त्यांची सही घेतली. भंग करायची धमकी देणारा त्या वेळी मंडपात प्रसादाच्या रांगेत होता. मी पाहिलाय त्याला. दोनदा घेतला प्रसाद.

पुढच्या वर्षापासून संहिता आधी समितीला दाखवायची, असा ठराव झालाय. समितीत कोण, ते ओळखा.

बरं, मार्गदर्शन चालू ठेवू. टीव्हीवाले येईपर्यंत घोषणा देऊन घसा बसवू नये.

आणि देवाला मध्ये आणू नये. विठोबाला चोर म्हणणारे, त्याच्याशी कडाकडा भांडणारे, त्याचं दिवाळं निघालं म्हणणारे लोक याच मातीत झाले आणि त्यांनाच आपण संत म्हणतो. गवळणीत मावशी कृष्णाला हवं ते बोलते आणि समोर बसलेला माळकरी हसतो. त्याची श्रद्धा इतकी कच्ची नव्हती. ज्याला देवाची खात्री आहे त्याला मावशीची भीती वाटत नाही. तुम्हाला कसली भीती वाटते? खरजेची?

नाही, आता उपरोध जमत नाही. सरळच बोलतो.

भावना खरंच दुखावतात, हे मला माहीत आहे. माझी आई सोवळ्याओवळ्याची. एखादं नाटक पटलं नाही तर मध्यंतरात उठून यायची आणि घरी तासभर बडबडायची. तो तिचा हक्क होता, आणि नाटक करणाऱ्यांचा त्यांचा. मुद्दाम कुणाच्या श्रद्धास्थानावर थुंकणारे हलकट लोकही असतात, नाही असं नाही. त्यांना उत्तर द्या, लेख लिहा, तिकीट काढू नका, तोंडावर नालायक म्हणा. पण धमकी देणारा मोकळा आणि बोलणारा चौकीत, हे जोवर चाललंय तोवर मला कुणाच्या भावनांची कौतुकं सांगू नका.

पण माझा राग त्या क्लिपवाल्यावर नाहीच. त्याला महापालिकेचं तिकीट हवंय, तो त्याचा धंदा करतोय. माझा राग तुमच्यावर आहे. ‘खरंय तुमचं, पण काय गरज होती?’ असं म्हणणाऱ्या तुमच्यावर. हुसेन गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, काय गरज होती तसली चित्रं काढायची. पुण्याची पोरं आत गेली तेव्हा म्हणालात, दुसरा विषय नव्हता का? २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना ओंकारेश्वर पुलावर गोळ्या घातल्या. तो माणूस देवाला शिवी देत नव्हता, भोंदूंना पुरावा मागत होता. त्यांच्या जादूटोणाविरोधी कायद्यात देवाधर्माला कुठे हात घातलेला नव्हता, तरी श्रद्धा दुखावतील म्हणून तो वर्षानुवर्षं लटकला, आणि खुनानंतर आठवडाभरात अध्यादेश निघाला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडलं, बाकी तिघे सुटले. आणि त्याही वेळी, अंत्ययात्रेच्या दिवशी, तुमच्यातल्याच एकाने मला फोनवर विचारलं होतं की एवढं ताणायची काय गरज होती.

गरज! साठीच्या बाईला नाथांचं भारूड म्हणायची गरज काय, हे तुम्ही विचारता? मग एकोणीस अंगठ्यांची काय गरज होती? दिलगिरीची काय होती? सभेत सत्तर माणसं बसली होती. ठराव वाचला, विरोधात कोण म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घातलंत. माझ्या मागेच बसला होतात. त्या काकूंनी वळून तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या मुलीच्या बारशाला त्यांनीच पाळणा म्हटला होता.

पुढच्या सभेलाही हात वर होणार नसेल तर नका करू. पण मग नंतर जिन्यात गाठून, इकडेतिकडे बघत, ‘आम्ही मनाने तुमच्याच बाजूला आहोत हो’ असं सांगायला माझ्याकडे येऊ नका. मी ऐकून घेणार नाही.