दूतावास खटला लढवत नाही

गोव्यात म्हापसा-पर्वरीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: परदेशात गाडीच्या अपघातात जखमी झालात तर भारतीय दूतावास फुकट वकील देतो, नाहीतर परत येऊन मडगावात दावा लावा. दोन्ही चूक. दूतावास स्थानिक वकिलांची यादी देतो; निवड आणि फी आपली. अगदी अडलेल्याला कल्याण निधीतून मदत होऊ शकते, पण ती हक्काची नव्हे. आपलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भारतातल्या अपघातांसाठी. इंग्लंडमध्ये धडक बसली तर दावा तिथेच, साधारणपणे ३ वर्षांच्या आत. आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांनी (आपल्या वाड्यावर एखादा सापडतोच) पोर्तुगालच्या वकिलातीचं दार ठोठावावं, भारताच्या नव्हे. पोलिसांचे आणि इस्पितळाचे कागद तो देश सोडण्याआधीच घ्या.