परीक्षेच्या देवाला कसं पटवावं

परीक्षा तोंडावर आली आणि पुस्तकाचं पान उघडलेलं नसेल तर हातपाय गाळू नका. सरळ तैवानची राजधानी तैपेई गाठा. तिथल्या लोंगशान मंदिरात मागच्या बाजूला वेनचांग बसतो, ताओ परंपरेतला विद्येचा देव. जाताना हॉलतिकिटाची झेरॉक्स न्या. नाव, बैठक क्रमांक, केंद्र, सगळं ठळक दिसलं पाहिजे. देव सर्वज्ञ आहे हे खरं, पण हंगामात समोर झेरॉक्सचा एवढा ढीग साचतो की तुमचे मार्क भलत्याच्या खात्यात जायचे.

नैवेद्याला पेढे नकोत, भाजी घ्या. पातीचा कांदा, कारण चिनीत त्याचा उच्चार ‘हुशार’सारखा होतो. आणि सेलरी, कारण तिचा ‘कष्टाळू’सारखा होतो. सेलरीची जुडी वाहिली की वेगळे कष्ट करायची गरज उरत नाही.

पेपर फोडायचा विचार असेल तर मात्र इथे वेळ घालवू नका. वेनचांगचे दोन सेवक आहेत, एक बहिरा आणि एक मुका. ज्याला ऐकू येतं त्याला सांगता येत नाही, ज्याला सांगता येतं त्याला ऐकू येत नाही. परीक्षेचं गुपित बाहेर जाऊ नये म्हणून ही नेमणूक, असं लोक सांगतात. प्रत्यक्ष देवालाही आपल्या ऑफिसातल्या माणसांची खात्री नव्हती, हे वाचून जरा बरं वाटलं.

हा देव मुळात चीनच्या सिचुआन प्रांतातल्या त्सिथोंग गावचा, सापाच्या रूपातला ग्रामदेव. युआन राजवटीने बंद पडलेल्या सरकारी परीक्षा 1315 साली पुन्हा घेतल्या आणि 1316 साली बादशहाने याला ‘तिचुन’, म्हणजे देवराजाच्या पदावर बढती दिली. तेव्हा वशिला वरपर्यंत आहे, निश्चिंत राहा. त्याच्या नावावरच्या एका उपदेशग्रंथात तो म्हणतो की सतरा जन्म मी सरकारी अधिकारी होतो आणि एकदाही जनतेला छळलं नाही. सापाचा देव झाला हे मी एकवेळ मानेन. पुढे तो गुपचूप सत्कर्मं करायला सांगतो. ती पानं ऑप्शनला टाका.

एवढं करूनही नापास झालात तर देव बदलू नका. चीनमधल्याच ग्वांगतोंगचा होंग श्यौछुआन या सरकारी परीक्षेत चार वेळा नापास झाला. तिसऱ्या खेपेनंतर आजारपणात त्याला दृष्टान्त झाले, पुढे तो स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवू लागला आणि 1850 ते 1864 या काळात बादशाहीविरुद्धच्या त्याच्या ताइपिंग बंडात कोट्यवधी माणसं मेली. मूर्ती फोडायचा त्याच्या लोकांना भारी सोस. नानजिंग घेऊन त्याने तिथे राजधानी थाटली, जुनी व्यवस्था मोडीत काढली आणि स्वतःच्या सरकारी परीक्षा सुरू केल्या.